तहानेचा मक्ता

वर्ध्याहून नागपूरकडे जाणारा रस्ता सेलू, केळझर मागे टाकीत बुटीबोरीला महामार्गास मिळतो. हिंगणघाटकडून जांबमार्गे येणारी वाहतूकही तेथेच येते. पुढे नागपूर शहराच्या वेशीवर सोनेगावचा विमानतळ लागतो. नागपूरकर या रस्त्याला आजही वर्धा रोड म्हणतात. पहाटेचे विमान गाठण्यासाठी देवळीहून किंवा हिंगणघाटहून मध्यरात्री निघालेला माणूस वाटेत एखाद्या टपरीवर थांबतो आणि दहा-बारा रुपयांत चहा घेतो. तासाभराने तोच माणूस विमानतळाची सुरक्षा तपासणी ओलांडून आत बसतो, आणि तशाच एका चहासाठी त्याला कित्येक पटींनी अधिक पैसे मोजावे लागतात. चहाची पत्ती बदललेली नसते, साखर बदललेली नसते, दूध देणारी गाय बदललेली नसते. बदललेली असते ती एकच गोष्ट: त्या माणसाला आता बाहेर जाता येत नाही.

हा प्रश्न क्षुल्लक आहे असे मानणारे चळवळीत पुष्कळ आहेत. विमानाने जातो त्याला चहाचे काय ओझे, असे ते विचारतात. शेतमालाला भाव नाही, कापूस बाजारात पडून आहे, तेथे विमानतळावरील समोशाची चिंता कोणी करावी, असाही त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे. पण तो अर्ध्यावर थांबलेला आहे. विमानतळावरील पेल्याची किंमत हा सुखवस्तू माणसाच्या खिशाचा प्रश्न नव्हे. सार्वजनिक पैशाने व सार्वजनिक अधिकाराने उभारलेली जागा मक्त्याने द्यायची, तेथे येणाऱ्या माणसाला अन्यत्र जाण्याचा मार्ग ठेवायचा नाही आणि मग त्याच्या भुकेतहानेवर मक्तेदाराला हवी ती पट्टी बसवू द्यायची, ही जी रीत आहे तिचा हा प्रश्न आहे. विमानतळावर ही रीत उघडी दिसते एवढेच. तेथून ती रेल्वे स्थानकावर आणि एस. टी.च्या स्थानकावर येण्यास फार काळ लागत नाही.

आधी आकड्यांकडे पाहावे. माजी केंद्रीय अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावरचा आपला अनुभव जाहीर केला. गरम पाणी आणि चहाची एक पुडी यांसाठी तेथे ३४० रुपये घेतले जातात, असे त्यांनी सांगितले. बोलणारा माणूस गरीब नाही, हे खरेच; परंतु त्याने सांगितलेला आकडा गरिबाच्या मापाने मोजून पाहण्यासारखा आहे. त्याच २०२४-२५ या वर्षी राष्ट्रीय रोजगार हमी योजनेखाली महाराष्ट्रात मजुराला मिळणारा दिवसाचा दर २९७ रुपये होता. म्हणजे उन्हात दिवसभर माती उपसणाऱ्याची कमाई त्या एका पेल्याला ४३ रुपयांनी कमी पडते. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या हिशेबाने हिंगणघाटच्या बाजारात साडेचार किलो कापूस घालावा तेव्हा तो पेला हाती यावा. ज्याचा कापूस हमीभावाखाली गेला त्याला याहून अधिक घालावा लागला असता.

असा हिशेब मांडणे ही समाजवाद्यांची जुनी रीत आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर गुजराण करतात असे सांगितले. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. त्या वादाने देशाला एक शिस्त लावली. कोणत्याही खर्चाकडे पाहताना सर्वांत खालच्या माणसाची रोजची मिळकत शेजारी ठेवून पाहावे, ही ती शिस्त. लोहियांनी ‘दाम बांधो’ची मागणी केली तेव्हा कारखानदारी मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असा एक साधा दंडक त्यांनी सुचविला होता. विमानतळावरच्या चहाला आज दीडपट लावावी की तिप्पट, यावर वाद होऊ शकेल. पण कोणताच दंडक असू नये, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

या दरांचे समर्थन तीन प्रकारे केले जाते. पहिले समर्थन असे की, जागेचे भाडे फार आहे, दुकानदार तरी काय करील? हे समर्थन खोटे नाही, आणि म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे. विमानतळावरील दुकानदार साधे भाडे देत नाही. ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीतील ठरलेला हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल ते त्याला द्यावे लागते. पुष्कळ ठिकाणी सर्व उपाहारगृहांचा एकत्र मक्ता एकाच मोठ्या कंपनीकडे असतो आणि ती कंपनी पुढे पोटमक्ते देते. तिच्या वर विमानतळ चालविणारी कंपनी असते, आणि तिच्याही वर सरकारी प्राधिकरण असते. २००६ मध्ये मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे देण्यात आले ते एकूण उत्पन्नापैकी अनुक्रमे ३८.७ आणि ४५.९९ टक्के वाटा प्राधिकरणाला मिळावा, या अटीवर. अशा रीतीने प्रवाशाने मोजलेल्या रुपयाला पायरीपायरीवर वाटेकरी भेटत जातात. चहा करणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडते हे विचारण्याची सोय नाही. मालवाहू कामगार, सफाई करणाऱ्या बाया, काउंटरमागे उभी असणारी मुले यांचा पगार आणि पेल्याची किंमत यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. जो चहा ती मुले दिवसभर विकतात, तो विकत घेऊन पिणे त्यांनाच परवडत नाही. त्यांचा डबा घरून येतो.

येथे सरकार केवळ प्रेक्षक नाही, हे ध्यानात घ्यावे. तळे राखील तो पाणी चाखील, असे म्हणतात. पण येथे तळे राखण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याचाच पाण्याच्या विक्रीत हिस्सा आहे. मग भाव उतरावेत अशी इच्छा त्याला व्हावी कशी?

हे कायद्यातही दिसून येते. विमानतळांच्या आर्थिक नियमनासाठी २००८ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्याखाली स्वतंत्र नियामक प्राधिकरण आले. मोठ्या विमानतळांवर विमान उतरविण्याचा आकार किती, ते उभे ठेवण्याचा आकार किती, प्रवाशाकडून विकासशुल्क किती घ्यायचे, हे सारे ते प्राधिकरण तपासते आणि ठरविते. धावपट्टीच्या आकाराचा हिशेब पैशापर्यंत होतो. चहा, पाणी, पोळीभाजी मात्र ‘हवाईतर’ सेवा ठरल्या आणि त्यांच्या किमती या हिशेबाबाहेर राहिल्या. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने त्यात आणखी एक गाठ मारली. हवाईतर उत्पन्नापैकी तीस टक्के रक्कम हवाई सेवांचे दर कमी करण्यासाठी धरावी, असे त्या धोरणाने ठरविले. साध्या भाषेत याचा अर्थ असा की, प्रवाशाच्या चहातून जे मिळते त्यातील एक भाग विमान कंपनीच्या आकाराचा भार हलका करण्यास जातो आणि उरलेले सत्तर टक्के या हिशेबात न धरता विमानतळ चालविणाऱ्याकडे राहतात. तहानेवर बसविलेला हा एक करच आहे. तो कोणत्याही अर्थसंकल्पात मांडला गेला नाही, की कोणत्याही सभागृहात त्यावर मतदान झाले नाही.

बाटलीबंद मालाबाबत थोडी प्रगती झाली, तीही अर्धवट. एकाच वस्तूवर बाजारासाठी एक आणि विमानतळ, चित्रपटगृह यांसाठी दुसरी अशी दोन कमाल किरकोळ किमती छापण्याचा प्रकार बरीच वर्षे चालला. केंद्र सरकारने २०१७ मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती केली आणि १ जानेवारी २०१८ पासून अशा दुहेरी किमतीला मनाई झाली. परंतु त्याच्या थोडे आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हॉटेले व उपाहारगृहे यांना छापील किमतीहून अधिक आकार घेण्याची मोकळीक असल्याचा निर्णय दिला होता. कारण तेथे ग्राहक केवळ बाटली नव्हे, तर बसण्याची सोय आणि सेवाही घेतो, असे मानले गेले. ताजा चहा, इडली, समोसा यांवर तर छापील किंमत नसतेच. तेव्हा नियमाच्या जाळ्यातून मोठे मासे सुटले आणि एक पाण्याची बाटली तेवढी अडकली.

दुसरे समर्थन असे की, विमानाने श्रीमंत जातात. एके काळी हे खरे होते. २००३ मध्ये स्वस्त विमानसेवा सुरू झाल्यापासून ते उत्तरोत्तर कमी खरे होत गेले आहे. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसावा, अशी घोषणा करूनच केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचे पहिले विमान उडाले. तासाभराच्या उड्डाणातील काही आसनांना अडीच हजारांची मर्यादा तिने घातली. नागपूरच्या विमानतळावर पहाटे बसलेली माणसे पाहिली तर घोषणा अगदीच पोकळ नाही हे दिसेल. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात दूरदूरच्या प्रांतांतून मुले शिकायला येतात. आजारी नातेवाइकाला भेटण्यास रजा न मिळालेला, रेल्वेचे आरक्षण न मिळालेला, कर्ज काढून तिकीट घेतलेला प्रवासीही त्या रांगेत असतो. आयुष्यात प्रथमच विमानात बसणारी म्हातारी माणसे असतात. त्यांना तर दोन तासांहून अधिक आधी आणून बसविलेले असते. स्वस्त विमानांत अन्न फुकट मिळत नाही. म्हणजे तिकीट स्वस्त करून ज्याला आत आणले त्याची वसुली दाराच्या आत करावयाची, असा हा व्यवहार आहे. चप्पल घालणाऱ्याला विमानात बसविण्याचे श्रेय ज्यांना हवे, त्यांनी तो तहानलेला बसतो याचेही उत्तर दिले पाहिजे.

तिसरे समर्थन सर्वांत शहाजोगपणाचे आहे: घरून डबा आणावा. घरची पोळी, चिवडा, लाडू आत नेण्यास मनाई नाही हे खरे, आणि ज्यांना जमते त्यांनी अवश्य न्यावे. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक पिशवीत घालून निघणारे प्रवासी आजही दिसतात. पण ज्याला मध्यरात्री निघावे लागते, जो परगावाहून परतीच्या वाटेवर आहे, ज्याचे विमान चार तास उशिरा आहे, जिच्या कडेवर दूध मागणारे मूल आहे, त्यांना डब्याचा उपदेश करणे म्हणजे दुष्काळात विहीर खणण्याचा सल्ला देण्यासारखे आहे. शिवाय गरम चहा डब्यातून नेता येत नाही. हक्काच्या जागी सल्ला देणे ही सत्तेची जुनी सवय आहे.

प्रवाशाला मिळणाऱ्या अन्नाचा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९३६ पासून सेवाग्रामी राहिलेल्या गांधीजींनी त्याआधी कितीतरी वर्षे, १९१७ मध्ये, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावर लिहिले होते. मुंबईहून मद्रासला जाताना डब्यातील गर्दी, घाण आणि स्थानकांवर मिळणारे कळकट खाणे व चहा यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचवत नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. रेल्वेला पैसा देणारा बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचा आहे, आणि सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. त्या लिखाणाचे उत्तर स्वतंत्र भारतात हळूहळू मिळाले. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता गेला. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर मऊ गाद्या आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झालेली मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस कोणताही वरचा वर्ग न ठेवता धावू लागली, आणि तिची वाट वर्ध्यावरूनच जात होती. गाद्या घालण्यास पैसा लागला. पण आधी लागली ती दृष्टी. जो प्रवासी तक्रार करीत नाही त्याच्या पाठीलाही लाकूड टोचते, हे मंत्र्याच्या ध्यानात यावे लागले.

अन्नाबाबतही रेल्वेने एक गोष्ट टिकविली आहे, ती म्हणजे ठरलेला दर. २०२३ मध्ये रेल्वेने साध्या डब्यांजवळ फलाटावरच वीस रुपयांत पुरी-भाजीचे पाकीट देण्यास प्रारंभ केला. रेल्वेच्या पाण्याची एक लिटरची बाटली पंधरा रुपयांना होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये चौदा रुपयांवर आली. पुऱ्यांचा दर्जा, विक्रेत्यांची लबाडी, दरापेक्षा अधिक घेण्याचे प्रकार यांविषयी तक्रारी होतात आणि त्या केल्याच पाहिजेत. तरी तक्रार करता येते ती दर ठरलेला आहे म्हणून. वर्ध्याच्या फलाटावर एखाद्याने अधिक पैसे मागितले तर प्रवासी फलकाकडे बोट दाखवितो. विमानतळावर बोट दाखवायला फलकच नाही. जो फलक आहे तो मक्तेदाराने स्वतःच लिहिलेला आहे.

ज्या भूमीवर हे घडते तिचा इतिहासही विसरता येत नाही. सोनेगावच्या याच धावपट्टीवर १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने उतरत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. त्या वेळी दळणवळण खात्याचे मंत्री असलेले रफी अहमद किडवाई यांनी साधे टपालही अधिक आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण १९४९ मध्येच स्वीकारले. तेव्हा देश आजच्याहून कितीतरी गरीब होता. विमाने थोडी होती आणि ती जुनी होती. तरी सामान्य माणसाचे पत्र विमानात चढले म्हणून त्याच्यावर जादा पट्टी बसवू नये, हे तत्त्व सरकारला सुचले. आज पत्राऐवजी माणूसच विमानात चढतो आहे, आणि त्याच्या घोटभर पाण्यावर पट्टी बसते आहे.

विमानतळाच्या विस्तारासाठी आणि मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या गावांच्या जमिनी सार्वजनिक हितासाठी म्हणून घेण्यात आल्या. मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी तेथील शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. दीर्घ न्यायालयीन वादानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये विमानतळ खासगी कंपनीकडे देण्याचा करार झाला. कंपनी कोणती, हा येथे मुद्दा नाही. कोणतीही कंपनी आपल्या करारात जे लिहिले आहे तेच करील. मुद्दा असा की, सार्वजनिक हिताचे नाव घेऊन शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेता येते, तर त्याच नावाने त्या जमिनीवरील चहाचा दर का बांधता येत नाही? सार्वजनिक हित जमीन घेताना जागे होते आणि मक्ता देताना झोपी जाते, असे कसे?

दर बांधता येतो, हे सरकारने स्वतःच सिद्ध केले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ उघडण्यात आला. तेथे पाणी दहा रुपये, चहा दहा रुपये, कॉफी वीस रुपये, समोसा वीस रुपये असे दर ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला असाच कॅफे निघाला आणि पुढे आणखी विमानतळांवर त्याचे अनुकरण झाले. संसदेत आणि बाहेर ओरड झाली म्हणून हे घडले. काही महिन्यांपूर्वी जेथे ३४० रुपयांचा चहा होता तेथेच दहा रुपयांचा चहा मिळू लागला. याचा अर्थ, इतके दिवस ‘परवडत नाही’ म्हणून जे सांगितले जात होते ती मखलाशी होती. या उपक्रमाचे स्वागत करावे. विरोधकाने चांगले केले तर ते चांगले म्हणण्यास समाजवाद्यांनी कचरू नये. मात्र तो कृपेचा आहे, हक्काचा नाही, हेही सांगावे. एखाद्या कोपऱ्यातील एक खिडकी, तिच्यासमोर लांब रांग आणि भोवती पूर्वीचाच बाजार, असे चित्र राहिले तर ती खिडकी मक्तेदारीला झाकणारा पडदा ठरेल. एका आदेशाने उघडलेली खिडकी दुसऱ्या आदेशाने बंदही होते.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना गाजावाजाने निघाली. मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या. काही वर्षांत अनुदान आटले, योजना गुंडाळली गेली, आणि अनेक जागांवर भाकरीऐवजी भलतेच धंदे उभे राहिले. याच्या उलट पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेले ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सरकारी अनुदानाच्या लहरीवर अवलंबून राहिले नाही, म्हणून दशकानुदशके टिकले. तेथे खाणारा कष्टकरी होता, रांधणाऱ्या बाया कष्टकरी होत्या आणि कारभार कष्टकऱ्यांच्या संघटनेचा होता. १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने कॉफी हाउसे बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालविली, हेही उदाहरण सर्वांपुढे आहे. स्वस्त अन्न टिकते ते देणाऱ्याच्या दयेवर नव्हे, करणाऱ्याच्या मालकीवर.

वर्ध्याच्या मातीत या विचाराला आधार आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीत स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तेथून एकच गोष्ट परोपरीने सांगितली: वस्तू जेथे पिकते त्याच्या जवळ ती तयार व्हावी आणि तिचा पैसा तेथेच राहावा. कारंजा आणि आष्टी तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. भाव पडला की तेथे फळ झाडाखाली सडते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावोगावच्या महिला बचत गटांना पोहे, लाडू, चिवडा करता येतो. त्यांच्या घरापासून दोन तासांच्या आत एक विमानतळ आहे, आणि तरी तेथील बाजारात त्यांना कायमची जागा नाही. प्राधिकरणाने २०२२ मध्ये बचत गटांना आपल्या विमानतळांवर पाळीपाळीने पंधरा पंधरा दिवस जागा देण्याची योजना काढली. पंधरा दिवसांत कढई तापते न तापते तोच चूल उचलावी लागते. हे प्रदर्शन झाले, व्यवसाय नव्हे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. विमानतळाचा कोणताही मक्ता देताना पाणी, चहा, दूध आणि पोटभर असा एक साधा पदार्थ यांचे कमाल दर करारातच लिहिले जावेत, आणि मोठ्या विमानतळांवर ते तपासण्याचा अधिकार नियामक प्राधिकरणाला कायद्याने मिळावा. अशी स्वस्त खिडकी सुरक्षा तपासणीच्या आत असावी. कारण प्रवासी खरा अडतो तो तेथे. या खिडक्यांच्या जागेवर उत्पन्नातील हिस्सा घेऊ नये, साधे भाडे घ्यावे, आणि ती जागा निविदेच्या बोलीने नव्हे तर कामगारांच्या सहकारी संस्थांना व बचत गटांना किमान पाच वर्षांसाठी द्यावी. तेथे काम करणाऱ्यांना किमान वेतन मिळते की नाही हे दरफलकाशेजारीच तपासता यावे. पिण्याचे पाणी फुकट, स्वच्छ आणि सहज दिसेल अशा ठिकाणी असावे. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. प्रत्येक मागणी शासनाने कोठे ना कोठे, कधी ना कधी मान्य केलेली आहे; फक्त ती एकत्र आणि कायमची मान्य केलेली नाही.

वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांचे काम येथेच संपत नाही. किंबहुना येथून सुरू होते. अमृत भारत योजनेखाली सेवाग्राम, हिंगणघाट यांसारख्या स्थानकांचे रूप बदलत आहे. एस. टी.च्या मोक्याच्या जागाही खासगी भागीदारीतून विकसित करण्याचे बेत सरकारदरबारी पुन्हा पुन्हा निघतात. नवी इमारत कोणाला नको असते? छप्पर गळू नये, शौचालय स्वच्छ असावे, बसायला बाक असावेत, ही प्रवाशांचीच मागणी आहे. परंतु चकचकीत फरशीबरोबर विमानतळाचा मक्ताही आला आणि फलाटावरचा ठरलेला दर गेला, तर तो तोटा विमानाने जाणाऱ्याला होणार नाही. तो आर्वीहून लाल गाडीने जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या बाईला होईल. म्हणून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या स्थानकाचे करार मागवावेत, खाद्यपदार्थांच्या दरांविषयी त्यांत काय लिहिले आहे ते वाचावे, आणि लिहिले नसेल तर काम पुरे होण्याआधी ते लिहून घेण्यासाठी खासदार-आमदारांना गाठावे. विमानतळाच्या सल्लागार समितीवर लोकप्रतिनिधी असतात; त्यांनाही हा प्रश्न विचारावा. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांनी तेल, साखर, रॉकेल यांच्याच भावाचा जाब विचारला होता. ते प्रश्नही तेव्हा कोणाकोणाला क्षुल्लक वाटले होते.

वर्धा रोडवरच्या टपरीवाल्याला दहा रुपयांत चहा देऊन घर चालविता येते. त्याच्यावर कोणी दर बांधलेला नाही. त्याला बांधून ठेवले आहे ते शेजारच्या दुसऱ्या टपरीने आणि गिऱ्हाइकाच्या उठून जाण्याच्या स्वातंत्र्याने. जेथे शासनाने हे स्वातंत्र्य काढून घेतले तेथे दर बांधण्याचे कर्तव्य शासनावरच येते. सुरक्षेसाठी माणसाला कुंपणाच्या आत ठेवावे लागते, हे मान्य. पण कुंपणाच्या आत घेतलेल्या माणसाची तहान मक्त्याने देण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला जनतेने दिलेला नाही.